साकोली–पवनी, मार्गे सानगडी

लिहायला बसलो खरा, पण आपण हे लिहावं की नाही, याविषयी मनात अजून चलबिचल आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील सही करतात, आई अंगठा देते. कुणाविषयी लिहायचं तर तो माणूस मोठा असावा आणि लिहिणाराही जाणता असावा, अशी माझी समजूत. मी जाणता नाही. आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे, ते साकोलीतले माझे घरमालक, त्यांना गावातही कोणी मोठं म्हणत नव्हतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण लिहिलेलं चालेल का, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. गोष्टी मागेपुढे होतील. तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी साकोलीला शिकायला आलो. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एका घरी खोली मिळते, असं कोणीतरी सांगितलं. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. अंगात बंडी, कानावर बोरूसारखी बांबूची काडी.

"खोली पाहिजे होती," मी म्हणालो.

"छत्री आहे काय?"

मला वाटलं, खोली गळत असेल. मी छत्री दाखवली. त्यांनी ती उघडली, उलटी केली, एकेक काडी बोटानं चाचपली, आणि परत देताना म्हणाले, "चांगली आहे. मोडली की मले देजो. दुसऱ्या कोणाले देऊ नको."

खोली देताना त्यांनी घातलेली अट ही एवढीच. बाकीचं काकू सांगतील म्हणाले. गावातले सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागलो.

छत्रीचं कोडं संध्याकाळी सुटलं. घराच्या मागं वाडीत बैलांचा लांबच लांब कोठा होता. बैल विकून पुष्कळ वर्षं झाली होती. गव्हाणीवर फळ्या टाकून काकाजींनी त्या टोकापासून या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीचा ओटा केला होता, आणि त्या ओट्यावर रेल्वे होती. मातीची टेकाडं, धानाची खाचरं म्हणून शेणानं सारवलेल्या बांध्या, आरशाच्या तुकड्यांचे तलाव, आणि त्यांच्या मधून जाणारे रूळ. रूळ म्हणजे छत्रीच्या काड्या. खाली बांबूच्या चिपा, त्यांच्यावर काड्या तारेनं आवळलेल्या. आमच्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे मोडक्या छत्र्यांना तोटा नव्हता. लोक त्या काकाजींच्या दारात आणून टाकत. एखादा म्हणे, "घ्या काकाजी, लाईन वाढवा."

गाडी चावीची होती. पत्र्याचं इंजिन आणि दोन डबे, नागपूरच्या बाजारातून आणलेले. चावी पूर्ण दिली तरी गाडी सगळी लाईन पार करू शकत नसे. मध्येच दम टाकून थांबे. काकाजींनी पहिल्यांदा गाडी जिथं थांबली तिथं सानगडी स्टेशन केलं. "गाडीले जिथं थांबाचं आहे तिथं स्टेशन पाहिजे," ते म्हणत. "सरकार उलटं करते."

एक नियम मात्र कडक होता. थांबलेल्या गाडीला चावी द्यायची, पण तिला हातानं ढकलायचं नाही. "हात लावाचा नाही. आपल्या पायानं गेली पाहिजे." एकदा शेजारच्या वकिलांच्या पाहुण्यांनी डब्याला बोट लावून गाडी पुढं सरकवली, तर काकाजींनी ती उचलून पुन्हा साकोलीला नेऊन ठेवली आणि पाहुण्यांना चहा विचारला नाही.

ही रेल्वे कुठली, हे सांगायला हवं. काकाजी तरणे होते तेव्हा सर्वे करणारे साहेब आले होते. साकोलीहून सानगडीवरून चुलबंद ओलांडून पवनीपर्यंत लाईन टाकायची, असं काहीतरी चाललं होतं म्हणे. काकाजी त्यांच्याकडे साखळी ओढायला आणि झेंडी धरायला रोजानं होते. कुणाच्या बांधीत खुंटी ठोकली, कुठल्या तलावाच्या पाळीला वळसा घातला, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. साहेब गेले, खुंट्या लोकांनी चुलीत घातल्या, लाईन काही आली नाही. त्या खुंट्यांवरून काकाजींनी कोठ्यात लाईन टाकली.

गावात यावरून एक बोलणं रुळलं होतं. होणार नाही अशा कोणत्याही गोष्टीला 'सर्वे झाला' म्हणायचे. पोराची नोकरी कुठवर आली? सर्वे झाला. विहिरीला पाणी लागलं का? सर्वे झाला. काकाजींनाही हे ठाऊक होतं. काकूंनी "पीठ दळून आणलं काय?" म्हणून विचारलं, की तेच म्हणायचे, "सर्वे झाला."

सौंदडला छोट्या लाईनीची गाडी येते. काकाजी सायकलनं तिथं जात, पुढच्या लोखंडी पुलाखाली बसून त्याच्या कैच्या, म्हणजे उभ्या-तिरप्या पट्ट्यांच्या चौकटी, पाहत. दोनदा मलाही नेलं. पण गाडीत ते कधी बसले नाहीत. नागपूरलाही एसटीनंच जात. मी विचारलं तर म्हणाले, "आपलं ठरलं आहे."

काय ठरलं होतं ते मला काकूंच्या तोंडून कळलं. त्यांचं माहेर पवनी. सोयरीक जुळली तेव्हा खुंट्या अजून उभ्या होत्या. मुलीच्या वडलांना साकोली लांब वाटत होती. तेव्हा या तरण्या जावयानं भर बैठकीत सांगितलं, की मी स्वतः झेंडी धरली आहे, लाईन येऊन राहिली आहे, तुमची पोरगी माहेरी रेल्वेनं येईन, आणि तिच्याआधी मी गाडीत पाय ठेवणार नाही.

"मी आली बैलगाडीत," काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मंग एसटी निंघाली, तं एसटीनं जावाले लागली. अन् हे कोठ्यात रेल्वे करून राहिले. माणसानं बोलावं कमी."

काकू कोठ्यात कधी पाऊल टाकत नसत. चहा झाला तर दारातून कप वाजवत. काकाजी कधी म्हणाले, "अव, येऊन पाहून तं घे," तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पवनीले पोचली की सांगा. मंग पाहीन." हे त्या टोचून म्हणत, पण काकाजींनी ते शब्दशः धरलं होतं. लाईन चुलबंदपर्यंत झाली होती. पुढं वैनगंगा होती, आणि तिच्यावर पूल नव्हता.

मला कोठ्यात काम मिळालं ते सानगडीचं. गाडी आली की चावी द्यायची. त्यावरून काकाजी मला 'मास्तर' म्हणू लागले. मी मराठीचा विद्यार्थी, हातात कसब नाही, पण चावी बरी द्यायचो.

सानगडीचे एक शेतकरी होते, गोल टोपी आणि मोठा आवाज. बाजाराच्या दिवशी साकोलीत आले की कोठ्यात डोकावायचे. एकदा ते ओट्याजवळ बराच वेळ थांबले. बोटानं काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "काकाजी, ही माझी बांधी होय ना?"

"होय. पाळीच्या खालची."

"मंग लाईन माझ्या बांधीतून काहून नेली? धुऱ्यानं, कडेकडेनं नेली असती."

"सर्वेत तिथंच होती."

"सर्वे मरू द्या. सरकारची लाईन आली नाही म्हणून मी सुटलो, अन् तुमी आणून टाकली."

मला हसू आलं, पण दोघांपैकी कोणी हसत नव्हतं. पुढच्या बाजाराला ते गृहस्थ टोपलीभर वांगी घेऊन आले. वांगी काकूंच्या हवाली केली आणि कोठ्यात येऊन म्हणाले, "थोडी डावीकडं घेता काय? हातभर नाही म्हणत, बोटभर."

काकाजींनी वांगी परत द्यायला सांगितली. काकूंनी तोवर ती चिरली होती. त्या संध्याकाळी काकाजी नुसता वरणभात जेवले आणि लाईन होती तिथंच राहिली. ते शेतकरी मात्र दर बाजाराला येऊन आपली बांधी पाहून जात. "गेली काय रे आज माझ्यातून?" असं मला विचारत, जशी काही रोपं तुडवली जात होती.

माझे वडील एकदा तांदूळ पोचवायला आले. मी त्यांना कोठा दाखवला. त्यांनी दारात वहाणा काढल्या. गाडी सुटली, वळणावरून गेली, सानगडीला थांबली. वडील रेल्वेत कधी बसले नव्हते. हळूच मला म्हणाले, "आपलं गाव कुठी येते ह्यात?" आमचं गाव लाईनीपासून दूर, ओट्याच्या बाहेर. काकाजींनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या कडेला भिंतीवर त्यांनी चुन्यानं एक ठिपका काढला होता. "मास्तर, तुझ्या बापाले सांगजो. गाव आहे."

वैनगंगेचा पूल करायला काकाजींना दोन वर्षं लागली. चुलबंदचा पूल लहान, तो बांबूचा होता. हा लांब आणि सागाचा. लाकडाच्या आरामशीनवरच्या चिरफळ्या आणून ते कोयत्यानं बोरूएवढ्या काड्या काढायचे. एका फळीवर कोळशानं कैची आखलेली होती. खाली दांडी, वर दांडी, मध्ये उभ्या आणि तिरप्या काड्या. रेघेच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकलेले. खिळ्यांमध्ये काड्या बसवायच्या, सांध्यांवर माचिसच्या डबीच्या लाकडाचा तुकडा चिकटवायचा, वाळली की कैची उचलायची. प्रत्येक कैची दुसरीसारखी निघे. सांधा ओला असेपर्यंत काकाजी बोलत नसत. वाळला की बोलत.

"ही काडी दाबून राहिली, ही ताणून राहिली," ते तिरप्या काड्यांवरून बोट फिरवत म्हणायचे. "दोघीचं पटत नाही, म्हणून पूल उभा आहे. घरातबी तेच आहे, मास्तर."

आतून काकूंचा आवाज यायचा, "काय म्हणता?"

"पुलाचं सांगून राहिलो."

खरी अडचण सांध्यांची होती. सुतार म्हणे, सरस वापरा. पण सरस चामड्याचा, शिजवताना त्याचा वास गल्लीभर जातो. काकू माळकरी. त्यांनी लग्न झाल्यापासून सरस घरात येऊ दिला नव्हता, आणि त्यांच्या शब्दाबाहेर या एका बाबतीत काकाजी कधी गेले नाहीत. चुलबंदच्या पुलाला बाभळीचा डिंक होता. पण पावसाळ्यात डिंकाला ओल आली आणि एक कैची हातात सुटून आली. तेव्हा काकाजींनी ठरवलं, भाताची खळ. कापडाला लावतात तशी, पण घट्ट.

आमच्याकडे भाताला काय तोटा? तरी त्यांनी साधा तांदूळ घेतला नाही. काकूंनी एका डब्यात चिन्नोर ठेवला होता. चिन्नोर शिजला की वास तीन घरांपलीकडं जातो. तो दिवाळीला भाऊ येईल त्याच्यासाठी होता. काकाजी त्या डब्यातून थोडा थोडा काढत गेले. मी म्हणालो, "काकाजी, काकूंना विचारलं का?"

"तिच्याच माहेरचा पूल आहे," ते म्हणाले. "साध्या तांदळाचा बरा दिसन काय?"

कोजागिरीच्या सुमारास पूल उभा राहिला. काकाजींनी प्रत्येक कैचीजोडावर पायलीभर धान ठेवून पाहिलं. पूल कुरकुरलाही नाही. मग त्यांनी जाहीर केलं, की भाऊबीजेला गाडी पवनीला जाईल. तोवर धूळ बसू नये म्हणून पुलावर जुनं धोतर झाकून ठेवलं आणि ते कोणी उचलायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. स्वतःही उचललं नाही.

भाऊबीजेला काकूंचे भाऊ पवनीहून आले. गल्लीतले लोक आले. सानगडीचे ते शेतकरी मंडईच्या जत्रेसाठी इकडे आलेच होते, तेही आले. पुलाखाली वैनगंगा म्हणून पत्र्याची लांब पन्हाळ बसवली होती, तिच्यात काकाजींनी स्वतः विहिरीचं पाणी ओतलं. आणि मग काकू आल्या. हातात ओवाळणीचं ताट, नवं लुगडं, डोक्यावरून पदर. कोठ्याच्या उंबरठ्यावर त्या थांबल्या. आत पाहिलं, आणि आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकाजी त्यांच्याकडंच पाहत राहिले, त्यामुळे साकोलीची चावीही मीच दिली.

गाडी सुटली. बांधीतून गेली, तेव्हा सानगडीचे शेतकरी चुकचुकले. सानगडीला थांबली. मी चावी दिली. चुलबंद ओलांडली. धोतर उचलून बाजूला ठेवलं होतंच. इंजिन वैनगंगेच्या पुलावर चढलं, पहिली कैची गेली, दुसरी गेली, आणि मधली कैची एखाद्या दमलेल्या माणसानं बसावं तशी खाली बसली. इंजिन पाण्यात गेलं. त्याच्यामागं डबे गेले. पाण्याखाली चाकं थोडा वेळ फिरत राहिली.

कोणीतरी हसलं. काकूंचे भाऊ म्हणाले, "जवाईबापू, पवनीले पूर आला वाटते." ते मनानं वाईट नव्हते, काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले.

काकाजी पुढं झाले नाहीत. काकू झाल्या. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पाण्यातून कैची उचलली, सांधा पाहिला. सांध्यावरचं लाकूड जागेवर होतं, पण त्याच्या आत काही नव्हतं. कुरतडून कुरतडून पोकळ केलेलं. धोतराच्या आडोशाला उंदरांनी पंधरा दिवस जेवण केलं होतं. काकूंनी सांधा नाकाशी नेला.

"चिन्नोर होय काय?"

काकाजींनी मान हलवली.

"तरीच म्हणलं, डबा हलका काहून लागून राहिला." त्या भावाकडं वळल्या. "दादा, आज साधा भात आहे. तुह्या वाटचा उंदरायनं खाल्ला." मग नवऱ्याला म्हणाल्या, "पवनीले पोचली की पाहीन म्हणलं होतं. नाई पोचली. चला, जेवाले चला."

जेवणं झाली. काकाजी पंगतीत बसले, पण भात कालवून तसेच राहिले. मला वाटलं, आता हा कोठा बंद होणार. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. तोंडावर पांघरूण घेऊन पडून होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. कोणी हाक मारली तर आतून "हूं" म्हणत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो तर वाडीत कसलातरी घाण वास सुटला होता. तीन विटांच्या चुलीवर एक फुटक्या काठाचं पातेलं होतं आणि त्यात काहीतरी काळं, चिकट रटरटत होतं. शेजारी काकू, नाकाला पदर लावून, काडीनं ढवळत होत्या. सुताराकडून सरस त्यांनीच मागवला होता. गळ्यातली माळ काढून खुंटीला टांगली होती.

"पाहून काय राहिला?" त्या पदराआडून म्हणाल्या. "सांग त्यायले, लवकर उठा म्हणा. थिजल्यावर मी पुन्हा शिजवणार नाही."

मी सांगायला गेलो. पण वास त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता. काकाजी अंथरुणात उठून बसले होते आणि कानावर काडी शोधत होते.

त्यानंतर नव्या कैच्या सुरू झाल्या. सरस ओला असताना काकाजी बोलत नसत आणि वाळायला तो वेळ घेई, म्हणून ते आता जास्त गप्प असत. पण ते गप्प राहणं वाईट नव्हतं. काकू कोठ्यात येत नसत. सरस मात्र त्याच गरम करून दारात ठेवत, आणि मग आंघोळ करून माळ घालत.

माझी परीक्षा झाली तेव्हा पूल अर्धा होता. निघताना काकाजींनी माझी छत्री मागितली. ती अजून चांगली होती. त्यांनी पुन्हा एकदा काड्या चाचपल्या आणि परत दिली. "मोडली की आणून देजो, मास्तर."

मी पुढं शिकायला नागपूरला आलो. इथं मोठी लाईन आहे. खोलीत गाड्यांचा आवाज येतो. सुरुवातीला प्रत्येक गाडीला मला पूल आठवायचा. नंतर आवाजाची सवय झाली. साकोलीकडून कधी काही कळत नसे. पूल झाला का, गाडी गेली का, हे विचारायचं तर कुणाला विचारणार?

यंदा उन्हाळ्यात गावी जाताना भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. मागून मोठा आवाज आला, "काय गा मास्तर?" सानगडीचे शेतकरी होते. तीच गोल टोपी. माझ्या शेजारी बसले, तंबाखू मळली, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "काकाजी गेले ना. तुले माहीत नाही वाटते."

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. पूल पुरा झाला होता. भाऊबीजेलाच चालवायची म्हणून काकाजी थांबले, आणि त्याआधीच त्यांच्या उजव्या अंगाला लकवा मारला. हाताला चावी धरवेना. दुसऱ्या कोणाला चालवू दिली नाही. बरा झालो की नेतो म्हणत होते. फागुनात गेले.

"तेरवी झाली," ते म्हणाले. "तिचा भाऊ आला, बहिणीले माहेरी न्यावाले. आमी सगळे सपरीत बसलो. एसटीची वेळ झाली, तं काकू म्हणे, थांब. अन् कोठ्यात गेली. आमीबी मागं गेलो. तिनं साकोलीले चावी देल्ली. मंग माह्याकडं पाहिलं. म्हणे, भाऊ, तुमच्या बांधीतून जाते, जाऊ देता काय?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. तशीच तळहातावर राहिली.

"मी काय म्हणीन? जाऊ द्या म्हणलं. सानगडीले चावी मीच देल्ली, तू नव्हता तं."

"आणि पूल?" मी विचारलं.

"पूल काय, पूल चांगला होता. गेली ना. पार पवनीपर्यंत गेली. काकूनं पाहिलं, अन् मंग एसटीत जाऊन बसली." त्यांची गाडी लागली होती. पिशवी उचलून ते उठले, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "हात नाही लावला बाप्पा कोणी. आपल्या पायानं गेली."